ओंजळीचं चित्र

मार्च सरायला लागला की रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत कूलरवाला हाका देत फिरतो. आई त्याला बोलावते, जुना कुजलेला वाळा काढून घेते, नवा भरून घेते, आणि टाकीत पाणी पडलं की सगळ्यांच्या आधी पंख्यासमोर जाऊन उभी राहते. ओल्या वाळ्याचा पहिला वारा घरभर फिरतो. त्या वासाच्या मागोमाग मला दरवर्षी दुसरा एक वास येतो, तापलेल्या कापडाचा आणि वितळत्या प्लास्टिकचा. तो आता आमच्या घरात नाही. पण एका उन्हाळ्यात हे दोन्ही वास समोरच्या खोलीत एकत्र राहायचे, आणि माझ्या नाकाने ती जोडी अजून सोडलेली नाही.

तो उन्हाळा माझ्या धाकट्या भावाच्या, मिलिंदच्या, बेकारीचा होता. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तो कामाला होता. भट्टीतून निघालेली लालभडक सळई पुढे सरकवायची, एवढंच त्याच्या कामाबद्दल आम्हाला ठाऊक. बाकीचं त्याच्या हातांवर लिहिलेलं होतं: कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, आणि तळव्यांच्या रेषांत बसलेला काळा रंग, जो आईच्या कोणत्याही साबणाने निघाला नाही. होळीनंतर मालकाने युनिट बंद केलं. त्यानंतर मिलिंद बरेच दिवस सकाळी उठून मिलचे जाड बूट घालायचा आणि ओट्यावर बसून राहायचा. उन्हं वर चढली की तो बूट काढून आत यायचा.

मग एका दुपारी ई-रिक्षातून त्याने एक वापरलेलं प्रेस मशीन घरी आणलं. लोखंडी बैठक, वर जाड झाकण, झाकणाला लांब दांडा.

"हे काय होय?" आईने विचारलं.

"टी-शर्ट छापाचं मशीन. चित्र फिल्मवर छापून आणाचं, शर्टावर ठेवाचं, गरम झाकण दाबाचं. झालं."

"अन् चित्र कोण काढन?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. आमच्या घराण्यात चित्र कोणालाच येत नाही. बाबा तुमसरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले. आमच्या गृहपाठासाठी त्यांनी घर काढलं, की त्याची सिग्नल केबिन व्हायची. माझ्या वहीतल्या मोराला बाईंनी कोंबडा समजून चांगले गुण दिले होते. मिलिंदने तर शाळेत चित्रकलेच्या तासाला कायम पट्टीच वापरली.

"चित्र काय, मोबाइलमध्ये पडून राह्यते," मिलिंद म्हणाला. "ताई शोधून देईन."

मी नव्या रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात काम करते. संध्याकाळच्या बसने घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि कूलरसमोर संगणक उघडून चित्रं शोधायची, हे त्या उन्हाळ्यात माझं दुसरं काम झालं. जगात इतकी चित्रं आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. वाघ, गरुड, कवट्या, पंख, ज्वाळा, मुठी. हातातल्या मोबाइलवर रेखीव दिसणारं चित्र छातीएवढं मोठं केलं की फुटायचं, कडांना पायऱ्या पडायच्या. काही ठिकाणी चित्रं सगळ्यांसाठी मोकळी असायची. काही ठिकाणी दरमहा पैसे मागायचे. काही ठिकाणी बारीक अक्षरांत अटी होत्या: घरात लावा, कुणाला भेट द्या, पण छापून विकू नका. मी त्या सगळ्या वाचत बसायची.

"तू पक्की सरकारी," मिलिंद म्हणायचा. "अटी वाचल्याबिगर पाणीबी नाही पेत."

शहरातल्या एका चित्रकाराकडेही आम्ही गेलो. माणूस चांगला होता. त्याने आपलं काम दाखवलं, चहा दिला आणि जी रक्कम सांगितली ती ऐकून मिलिंद कपातल्या चहाकडे पाहत राहिला. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याचे अनेक दिवस त्या चित्रात जाणार होते. आमचा धंदा मात्र एका गल्लीएवढा होता, आणि त्याचं चित्र घेतलं असतं तर शर्टांतून उरणारं सगळं त्याच्याकडेच गेलं असतं.

पहिलं काम आलं क्रिकेटच्या एका टीमचं. कर्णधार देवांगन नावाचा, मिलिंदबरोबर मिलमध्ये असलेला. त्याला शेर पाहिजे होता. मी मोकळ्या चित्रांतून एक डरकाळी फोडणारा वाघ काढून दिला, मिलिंदने छापला, आणि रविवारी सकाळी आम्ही मैदानावर बघायला गेलो. समोरची टीम आली तेव्हा तिच्या छातीवरही तोच वाघ होता. तीच मान, तोच उघडा जबडा, मिशीचा तोच वाकलेला केस. दोन्ही टीमा काही वेळ एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग देवांगन आमच्याकडे आला.

"मिलिंद भैया, ये क्या कर दिए? अब कौन किसका है, समझ में ही नहीं आ रहा."

शेवटी आमच्या टीमने शर्ट उलटे घातले आणि तसेच खेळले. जिंकलेसुद्धा. जे सगळ्यांसाठी मोकळं असतं ते सगळ्यांनीच उचललेलं असतं, हे इतकं सरळ होतं, आणि तरी ते मैदानावर उभं राहून बघावं लागलं.

नंतर मिलिंदने संगणकाला सांगून चित्र बनवून घेण्याचाही नाद केला. पिंपळाचं पान मागितलं तर विड्याचं पान यायचं. हात मागितला तर एखादं बोट जास्तीचं. आई मागून बघायची आणि म्हणायची, "याले कोणी शिकवलं नाही वाटते."

पिंपळाचं पान त्याला पाहिजे होतं, कारण तोवर आमच्या विहाराचं काम आलं होतं. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारासमोर सकाळपासून पाणी आणि खीर वाढतात. वैशाखातलं रायपूरचं ऊन, गच्चीवर पाय ठेवला तर तळव्याला काळी धूळ आणि चटका एकदमच लागावा असं. त्या उन्हात उभे राहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी शर्ट हवे होते. विहाराचे अध्यक्ष मेश्राम काका स्वतः घरी आले आणि म्हणाले, "चांगलं कर बाबू. भिलाईचे, डोंगरगडचे लोक येतात. पाहतीन तर तेबी तुलेच सांगतीन."

हे काम चांगलं व्हायला हवं होतं, त्याला दुसरंही एक कारण होतं. मिलिंदच्या जुन्या सुपरवायझरने गुजरातेतल्या एका मिलमध्ये त्याच्यासाठी जागा पाहून ठेवली होती. पौर्णिमेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आई त्या जागेचं नावही काढत नव्हती. ती फक्त मिलिंद जेवायला बसला की त्याच्या हातांवरच्या डागांकडे बघायची आणि वाढताना एक पोळी जास्त ठेवायची.

एका संध्याकाळी मला तो पिंपळ सापडला. एकाच झाडाचं, काळ्या रेषेतलं चित्र. पानं मोजकी, पण प्रत्येक पान वाऱ्यात हललेलं. झाडाखाली कोणी नव्हतं, फक्त कोणीतरी नुकतं उठून गेल्यासारखी दबलेली माती. मी मिलिंदला हाक मारली. तो बघत राहिला आणि म्हणाला, "हेच."

ते चित्र कितीतरी ठिकाणी होतं. बहुतेक ठिकाणी खालचा कोपरा कापलेला. एका प्रतीत मात्र कोपऱ्यात बारीक नाव दिसलं. ते नाव शोधत गेले तर गोंदियाच्या एका बाईंचं इंटरनेटवरचं पान निघालं: सुलभाताई, शाळेत भूगोल शिकवत होत्या, आता निवृत्त. मी त्यांना चिठ्ठीसारखा मेसेज लिहायला घेतला.

"काहून पुसून राहिली?" मिलिंद म्हणाला. "सगळेच तर घेऊन राहिले. कोणाले समजते?"

"नाव दिसलं ना आता."

"नाव दिसलं तर काय झालं? ताई, दिवस किती राह्यले पाय जरा."

"त्यांनी नाही म्हटलं तर दुसरं शोधू."

"अन् नाही भेटलं तर मी गुजरातेत जातो, नाही का?"

मी मेसेज पाठवला. तो उठून बाहेर गेला. नाव दिसेपर्यंत ते झाड कुणाचंच नव्हतं. नाव दिसलं आणि त्यामागे एक घर, एक टेबल, एक हात उभा राहिला. एवढाच फरक पडतो, पण एकदा पडला की पडतो.

उत्तर दुसऱ्या दिवशी बसमध्ये असताना आलं. 'तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. पण हे चित्र देता येणार नाही. आमच्या शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा पिंपळ होता तो. वडील रोज त्याच्याखाली बसायचे. ते गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर छापायला काढला. तिथून कोणीतरी उचलला. पुढे मी तो कपांवर पाहिला, उशीच्या खोळींवर पाहिला, एका दुकानाच्या पाटीवरही पाहिला. विचारलं कोणीच नव्हतं. पण विचारलं म्हणून हो म्हणायलाच पाहिजे, असं थोडंच असतं? राग मानू नका.' खाली फोन नंबर होता.

घरी येऊन मी मिलिंदला ते वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे चोरते त्याले भेटते," तो म्हणाला, "अन् पुसते त्याले भेटत नाही."

त्याने मोबाइल उचलला आणि नंबर लावला. भांडायलाच, असं मला वाटलं. तो ओट्यावर जाऊन बसला. मला आतून फक्त त्याचंच बोलणं ऐकू येत होतं.

"मॅडम, मी मिलिंद, रायपूरहून बोलून राहिलो. ताईनं मेसेज केला होता ना... नाही नाही, पोस्टर नाही, शर्ट. लोक घालतीन... हव... विहारासमोर पाणी वाढतो आम्ही... नाही, ग्लास नाही ठेवत. लय कचरा होते. मेश्राम काका म्हणते, ओंजळीतच वाढा... कोण येते? सगळेच येतात. रिक्षावाले, बाजारातल्या बाया. उरल्याचे लोक येतात, ड्युटी सुटली का सरळ... त्यांचे हात काळे असतात मॅडम, तेलाचे. ते पहिले हात लपवतात. मंग ओंजळ करतात." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हव. मीबी तसाच जात होतो. मिलमधून."

मिलिंदने हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. दर बुद्धपौर्णिमेला तो विहारात उशिरा यायचा आणि आई त्याला रागवायची. रात्रपाळी संपवून तो आधी बाहेरच्या रांगेत उभा राहून, अनोळखी माणसासारखा पाणी पिऊन, मग घरी आंघोळीला यायचा, हे मला त्या दिवशी कळलं. आई कूलरशेजारी चवळीच्या शेंगा मोडत होती. तिचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.

फोन ठेवून तो आत आला. "पिंपळ नाही देत म्हणे," तो म्हणाला. "पण दुसरं काही काढून पाह्यते."

चित्र आलं तेव्हा आम्ही तिघंही मोबाइलवर वाकलो. वरच्या बाजूला तांब्याचा काठ, त्यातून पडणारी पाण्याची धार आणि खाली एक ओंजळ. बाकी काही नाही. एकच रंग, काळा. तळव्यांवरच्या रेषा नकाशातल्या नद्यांसारख्या काढलेल्या होत्या, उगमाशी बारीक आणि पुढे जाड होत गेलेल्या. भूगोलाच्या बाईंचा हात कळत होता. आईने चित्र पाहिलं, मग मिलिंदचे हात पाहिले आणि चहा ठेवायला गेली. सुलभाताईंनी मागितलेली रक्कम आम्हाला सहज झेपण्यासारखी होती. वर एक शर्ट मागितला होता, मोठ्या मापाचा, आणि एक अट होती: हे चित्र दुसऱ्या कोणाला छापून विकायचं नाही.

छापलेला पहिला शर्ट घेऊन आम्ही मेश्राम काकांकडे गेलो. काकांनी तो पलंगावर पसरला, चष्मा लावला आणि वाकून पाहिला.

"अन् बुद्ध कुठी हाये?"

मिलिंदने चित्रातल्या ओंजळीवर बोट ठेवलं.

"बुद्धपौर्णिमेचा शर्ट हाये बाबू. तथागत पाह्यजे. नाही तर पान तरी पाह्यजे. हे तर कोणत्याही पाणपोईचं चित्र झालं."

काकू दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि शर्टाचं टोक हातात धरून त्यांनी कापड चोळून पाहिलं.

"शर्टच हाये ना हा?" त्या काकांना म्हणाल्या. "आज घालान. घामानं भिजन. दोन वर्षानं फाटन, मंग मीच त्यानं ओटा पुसन. त्यावर तथागत असला तर काय करू मी? तुम्हीच सांगा."

काकांनी तो नीट घडी करून मिलिंदच्या हातात दिला. "छाप," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला एका लांबलचक दुपारीसारखे आठवतात. दांडा खाली, झाकण दाबलेलं, मिनिटभर गप्प उभं राहणं, दांडा वर. कूलरचा वारा ओला आणि मशीनचा कोरडा, आणि दोघांच्या मध्ये मिलिंद, बनियनवर. शर्ट उचलला की तो गरम भाकरीसारखा हातातल्या हातात झेलायचा आणि आईकडे द्यायचा. आई घडी घालायची. एवढ्या ओंजळी घरात कधी आल्या नव्हत्या.

पौर्णिमेला सकाळपासूनच रस्ता तापला होता. विहारासमोर मांडव, मांडवात ओल्या पोत्यांत गुंडाळलेले पाण्याचे ड्रम, खिरीची पातेली. मिलिंद तांब्या घेऊन उभा होता, छातीवर ओंजळ आणि समोर ओंजळी. चित्रातली धार आणि खरी धार एका रेषेत आलेली पाहून कोणी हसत होतं, कोणी नुसतं पाणी पिऊन पुढे जात होतं. उरल्याकडचे लोकही आले. मिलिंद त्यांना वाढताना जरा जास्त वाकत होता, हे मी पाहिलं.

रांगेत एक म्हातारी बाई होती. पांढरे केस, मिटलेली छत्री, खांद्याला कापडी पिशवी. तिने छत्री काखेत धरली, ओंजळ केली आणि सावकाश पाणी प्यायली. पदराने तोंड पुसलं. मग मान वर करून मिलिंदच्या छातीकडे पाहत राहिली.

"रेघ जरा जाड झाली," ती म्हणाली.

मिलिंदचा हात थांबला. तांब्यातलं पाणी त्याच्या पायावर सांडत होतं. "सुलभाताई?"

त्याने फोनवर 'या कधी' म्हटलं होतं, आपण म्हणतो तसं. त्या सकाळच्या गाडीने गोंदियाहून आल्या होत्या. आपला शर्ट त्यांनी तिथेच मागून घेतला, साडीवरूनच अंगात घातला, केस सारखे केले आणि तांब्या उचलला. ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या पाणी वाढत होत्या. मेश्राम काकांनी खुर्ची आणून ठेवली, ती रिकामीच राहिली. जाताना मी त्यांना विचारलं की तो पिंपळ अजून आहे का. "नाही," त्या म्हणाल्या. "रस्ता गेला तिथून." त्यांच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. नकाशावरची एखादी जागा सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं.

त्या संध्याकाळी मिलिंदने गुजरातेत 'येत नाही' असं कळवलं. पुढे फार काही चमत्कार झाला नाही. डोंगरगडचं काम आलं, भिलाईचं आलं नाही. पावसाळ्यात धंदा बसला, दिवाळीला उठला. आता मशीन नाक्यावरच्या एका लहान गाळ्यात आहे. सुलभाताई वर्षातून काही चित्रं काढून देतात, काही गोष्टींना नाही म्हणतात. ज्यांना शेरच पाहिजे त्यांना मिलिंद शेरच देतो. मी अजून अटी वाचते. चित्र आम्हाला अजूनही येत नाही, आणि आता ते यावं असंही वाटत नाही. ज्याला येतं त्याच्याकडे जाऊन सांगता आलं पाहिजे, तेवढं थोडंफार जमायला लागलं आहे.

या वर्षी एप्रिलमध्ये मावशीला आणायला मिलिंद आणि मी स्कूटरवर बसस्टँडकडे निघालो होतो. रस्त्याच्या कडेला कापडी छपराची एक पाणपोई होती. पाणी देणाऱ्या पोरांच्या अंगात पिवळे शर्ट होते आणि शर्टांवर तीच ओंजळ. चित्र उलटं झालेलं, तळव्यांच्या नद्या एकमेकींत मिसळून काळा डाग झालेला. कोणीतरी फोटोवरून उचललं होतं. मिलिंदने स्कूटर थांबवली. खाली उतरून तो थेट त्या पोरांकडे निघाला, मग थांबला आणि त्याने सुलभाताईंना फोन लावला.

"ताई, तुमचं चित्र चोरलं. समोरच उभे हायेत. काय करू, सांगा."

फोनमधून त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "कोण आहेत?"

"माहीत नाही. पोट्टे हायेत."

"काय करून राहिले?"

मिलिंदने पाणपोईकडे पाहिलं. एक ट्रकवाला डोक्यावरचा गमछा सोडून ओंजळ करत होता. "पाणी वाढून राहिले."

"थंड आहे का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पाणी. थंड आहे का?"

मिलिंदने फोन माझ्या हातात दिला आणि तो ट्रकवाल्याच्या मागे रांगेत जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने ओंजळ केली. पोराने वाकून पाणी घातलं. तो प्यायला, ओल्या हातांनी तोंडावरून पाणी फिरवलं आणि परत येऊन माझ्या हातातल्या फोनकडे तोंड केलं.

"थंड हाये," तो म्हणाला.

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या.